बैलाच्या मापाचा वाडा

वऱ्हाडातल्या कारंजा लाडची ओळख करून देणारा माणूस बहुधा कस्तुरीच्या हवेलीपासून सुरुवात करतो. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या व्यापाऱ्याला कुठेच गिऱ्हाईक मिळेना. इथल्या एका धनिकाने ती सगळीच्या सगळी विकत घेतली आणि घराचं बांधकाम चाललं होतं, त्याच्या चुन्यात कालवून टाकली, अशी आख्यायिका. मग नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिर, मग जैन मंदिरं आणि त्यांची हस्तलिखितं, मग दारव्हा वेस, दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. या सगळ्याला मान मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण या यादीत कोठा कधी येत नाही. प्रमाण मराठीतला गोठा तो वऱ्हाडात कोठा, बैलगाडी ती बंडी. कोठा, बळद, पेव, कापसाची खोली, बंडी उभी करायची पडवी, मागचं वाडगं, या जागांकडे कुणी वास्तुकला म्हणून पाहत नाही. हवेलीचा चुना ज्या पैशातून मळला गेला, तो पैसा मात्र पिढ्यानपिढ्या याच जागांतून गेला आहे.

या गावाची श्रीमंती आधीपासूनच बैलाच्या पाठीवर होती. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर चाल केली. इथे मिळालेलं भारी कापड, सोनं आणि चांदी ४००० बैल-गाढवांवर लादून नेल्याचं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवलं आहे. त्या ऐवजाच्या किमतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातला जनावरांचा आकडा जास्त बोलका वाटतो. हजारो ओझ्याची जनावरं चालवायची तर चारा, पाणी आणि बांधायला जागा लागते. एवढा माल ज्या पेठेत येत-जात होता तिथे ही सगळी सोय रोजचीच असणार.

कापसाने पुढे ही मालाची आणि बैलांची ये-जा आणखी वाढवली. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे मँचेस्टरचं लक्ष वळलं. निझामाकडून १८५३ मध्येच वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आणला गेला. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेती-अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हेच नाव येतं. त्यापाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे कारंज्यावरून गेली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटलं. ती आता थांबली आहे. पण रेल्वे स्टेशनापासून पुढे माल नेत होती. शेतापासून घरापर्यंत आणि घरापासून सरकी काढणाऱ्या जिनापर्यंतचं अंतर कापत होती ती बंडी, आणि बंडीला जुंपलेली जोडी.

म्हणून इकडचा कास्तकाराचा वाडा समजून घ्यायचा तर पुढच्या ओसरीवरून आत शिरू नये. मागच्या फाटकातून शिरावं. पुढचं दार माणसांसाठी असतं, त्याच्या चौकटीवर नक्षी असते, गणपती असतो. मागच्या फाटकाचं माप मात्र भरलेली बंडी आत येते की नाही, यावर ठरलेलं. कापसाची बंडी धान्याच्या बंडीपेक्षा उंच आणि फुगीर. वजन कमी, पसारा फार. म्हणून फाटकावर तुळई असेल तर ती उंच बसवायची, नाहीतर वर उघडंच सोडायचं. बाजूच्या भिंतींच्या कोपऱ्यांना खाली दगड रोवलेले असतात, चाकाची धाव लागून माती पडू नये म्हणून. ते दगड पुष्कळ ठिकाणी अजून जाग्यावर आहेत आणि त्यांच्यावर लोखंडाने घासलेल्या खाचा आहेत.

फाटकातून आत आलं की वाडगं. या मोकळ्या जागेभोवती सगळं काम मांडलेलं. एका अंगाला कोठा, दुसऱ्या अंगाला बंडी, तिफन, वखर, डवरे ठेवायची पडवी, कोपऱ्यात कुटाराची खोली, मधे हौद किंवा विहीर. कडब्याची गंजी शक्यतो भिंतीपासून दूर, आणि स्वयंपाकघराच्या धुराड्यापासून तर फारच दूर. कापूस असलेल्या घरात आगीची भीती सगळ्यांत मोठी. म्हणून कापसाची खोली आणि चूल यांच्यामध्ये निदान एक जाड भिंत आणि मोकळी जागा राखलेली दिसते. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभाताची सीतादही होई. मग घरात कापूस येऊ लागला की ती खोली छतापर्यंत चेपून भरायची. भाव बघून विकायचा, तोवर घर आणि कापूस एकत्र नांदायचे. कापसाच्या खोलीला खिडकी नाही, किंवा आहे ती अगदी वर आणि लहान. याचं कारण पाऊस, ठिणगी आणि चोर, तिन्ही.

कोठ्याच्या लांबीवरून त्या घराची शेती कळते. एका बैलाला उभं राहायला आणि बसायला रुंदीत साधारण चार फूट लागतात. दावणीला किती खुंटे आहेत ते पाहिलं की जोड्या कळतात, आणि एक जोडी साधारण पंधरा-वीस एकर कोरडवाहू ओढते असा हिशोब धरला की जमीनही कळते. पूर्वी कास्तकार किती जोड्यांचा, असंच विचारलं जाई. कोठ्याची जमीन मागच्या बाजूला हलका उतार देऊन केलेली, म्हणजे मूत नालीत जावं आणि बैलाच्या खुरांखाली ओल राहू नये. ओल राहिली तर खूर सडतात, आणि पेरणीच्या दिवसांत बैलाचा खूर सडला म्हणजे घराचा अर्धा हंगाम बुडाला. गव्हाण बैलाच्या छातीइतक्या उंचीची. तिच्या आतल्या कडा पिढ्यांच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या असतात. वर माळा, माळ्यावर चारा. चारा वरून थेट गव्हाणीत पडावा अशी फट ठेवलेली. यातलं एकही माप शोभेसाठी नाही आणि म्हणून यातलं एकही माप चुकलेलं सहसा आढळत नाही.

हा सगळा वाडा ज्या मातीचा, ती शेतातली नव्हे. वऱ्हाडातली काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतही तडकते. जुन्या वस्तीच्या जागेवर, पडक्या भिंती, राख, शेण आणि चुनखडी यांच्या शतकानुशतकांच्या मिसळीतून तयार झालेली पांढरी माती मात्र फुगत नाही. गाव पांढरीवर आणि शेत काळीत, ही वाटणी मातीनेच करून दिली आहे. देशमुख-पाटलांच्या गढ्याही याच मातीच्या. पुढे शेतकऱ्यांना कळलं की हीच माती शेतात टाकली तर पीक चांगलं येतं. गाड्या भरभरून गढ्या उचलल्या गेल्या. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्या शत्रूने पाडलेल्या नाहीत. त्या शेतात पसरल्या.

छत धाब्याचं. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिरफळ्या, त्यांच्यावर पळसाची पानं किंवा तुऱ्हाट्यांचा थर, मग चिखल आणि सगळ्यांत वर वीतभर-हातभर पांढरी माती. ती पहिल्या पावसात घट्ट बसते आणि पुढचं पाणी खाली उतरू देत नाही. उतार इतका कमी की धाब्यावर माणसं झोपतात, पापड-कुरडया वाळतात. पण पाणी नेमकं पन्हाळीकडे वाहायला हवं. दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर चढून भेगा बुजवायच्या, नवी माती टाकायची, उगवलेलं गवत उपटायचं. भिंतींचं लिपण, पोतारा आणि शेणाने सारवण ही कामं बायकांच्या हातची. मे महिन्यात बाहेर पाय भाजत असताना अशा वाड्याच्या माजघरात शिरलं की अंगाला जो गारवा लागतो, तो त्या हातभर मातीचा आणि दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींचा आहे. आज ज्या घरांवर टिनं पडली, त्यांतली माणसं हा फरक चांगला जाणतात.

आता पेव. वऱ्हाडच्या बांधकामात याच्याइतकी बुद्धीची गोष्ट मला दुसरी दिसत नाही. पांढरीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट रुंद. आतून शेणमातीने लिंपून, वाळवून, कधी आत पेटवून भाजून घ्यायचा. तळाला आणि कडेला कुटार किंवा कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंड बंद करून वर माती चोपायची. कोंडलेली ज्वारी श्वास घेते, आतला प्राणवायू संपतो आणि किडा मरतो. औषधाची गरज नाही. वर अंगण सारवलेलं असलं की खाली खंडीच्या हिशोबात धान्य आहे हे नवख्याला कळणार नाही. पेंढाऱ्यांच्या काळात याचं मोल किती असेल ते सांगायला नको. धोकाही तिथेच आहे. पेवातली हवा माणसालाही मारते. तोंड उघडून पुरेसा वेळ जाऊ द्यायचा, आत कंदील सोडून तो जळत राहतो का पाहायचं, मगच माणूस उतरवायचा. घाई केल्याने जीव गेल्याच्या गोष्टी जुन्या गावांत सांगितल्या जातात. रोजच्या वापराचं धान्य पेवात नसे. ते भिंतीतल्या बळदात किंवा कणगीत. बळद वरून भरायचं आणि खालच्या भोकातून काढायचं, म्हणजे जुनं आधी संपतं.

जनावरं, धान्य आणि गाड्या कुठे ठेवायच्या, याच प्रश्नांची वेगळी उत्तरं हजारो मैलांवर, स्कॉटलंडच्या शेतांवर, दगडात उभी आहेत. तिथे शेतीच्या इमारतींच्या समूहाला ‘स्टेडिंग’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या जमीनदारांनी शेती नव्याने मांडली आणि विखुरलेल्या झोपड्यांच्या जागी चौकाभोवती आखीव इमारती आल्या: एका बाजूला धान्याची कोठारं, दुसरीकडे घोड्यांचा तबेला, गाईंचा गोठा, कमानींखाली गाड्या आणि गाड्यांच्या वर धान्याचा मजला, कारण उंचावर धान्याला ओल लागत नाही. जनावरं हिवाळाभर आत राहायची, म्हणून खताचा ढीग बऱ्याचदा चौकातच.

या दोन रचना शेजारी ठेवल्या की हवामान भिंतींमधून बोलू लागतं. मळणीचंच घ्या. आपल्याकडे खळं शेतात. मधे तिवडा, त्याच्याभोवती बैलांची पात, वर मोकळं आकाश. ज्वारीची कणसं खळ्यावर येतात तेव्हा पाऊस मागे गेलेला असतो आणि वारा उफणायला पुरतो. त्यासाठी भिंत उभी करायचं कारणच नाही. स्कॉटलंडमध्ये पीक निघतं तेच भिजत. तिथे १७८६ मध्ये अँड्र्यू मिकल या यंत्रकाराने मळणीयंत्र बनवलं आणि ते फिरवायला घोडे गोल चालू लागले, पण छपराखाली. कोठाराला चिकटून गोल किंवा आठकोनी घोडेघर बांधलं गेलं. जनावराने गोल फिरून दाणा काढायचा, काम तेच. एका देशात त्याला छत लागलं आणि दुसऱ्या देशात अंगणही लागलं नाही. आपल्या शेतीच्या वास्तुकलेतली एक मोठी जागा अशी बिनभिंतीची आहे. म्हणून ती नकाशात येत नाही आणि हंगाम संपला की नांगराखाली जाते.

धान्याचंही तसंच. तिकडे ओलीपासून वाचवायला धान्य वर चढवलं, इकडे उन्हापासून, किड्यांपासून आणि लुटीपासून वाचवायला जमिनीत उतरवलं.

एका बाबतीत मात्र दोन्ही ठिकाणं एकसारखी निघतात. स्कॉटिश स्टेडिंगमध्ये बिनलग्नाच्या गड्यांसाठी ‘बॉथी’ नावाची एक खोली असे. सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबणारी तरुण पोरं तिथे निजत, रांधून खात. आपल्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. साल ठरलं की तो त्या घराचा, पण घरात नाही. त्याची झोपायची जागा कोठ्याच्या तोंडाशी, बैलांच्या जवळ. रात्री उठून कडबा टाकायचा, दावं सुटलं तर बांधायचं, गाभण गाय असेल तर जागायचं. थंडीत बैलांच्या अंगाची ऊब हेच त्याचं पांघरूण. तो मागच्या फाटकाने येई आणि बहुतेक वेळा जातीमुळे माजघराचा उंबरा त्याला बंद असे. पाण्याचं भांडं वेगळं, जेवायला बसायची जागा वेगळी. वाड्याच्या नकाशात ही रेषा काढलेली नसते. पण देवडी, ओसरी, माजघर, परस, वाडगं या क्रमाने चालत गेलं की कुणाचे पाय कुठे थांबत होते ते स्पष्ट कळतं. जुन्या वाड्यांबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी या रेषेवरून पाय उचलून पुढे जाऊ नये. पोळ्याला बैल पुढच्या दाराशी येत. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकून जेवणाचं आवतण दिलं जाई, दुसऱ्या दिवशी घरची लक्ष्मी त्यांचे पाय धुई, पुरणपोळी भरवी. त्यांना वर्षभर सांभाळणारा माणूस त्या दिवशी बैलाचा कासरा धरून त्याच दाराशी उभा असे. त्यालाही नवे कपडे मिळत, जेवण मिळे. दुसऱ्या दिवशी तो परत मागच्या फाटकाने येई.

वाडा उभारणारे हातही असेच मागे राहिले. सागाच्या कड्या घडवणारा वाढई, चाकाला धाव चढवणारा लोहार, दावी वळणारे मांग, दगड फोडणारे बेलदार, कवेलू भाजणारा कुंभार. हवेलीच्या मालकाचं नाव आख्यायिकेत टिकतं. कोठ्याचा उतार अचूक काढणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

हे सगळं एकाएकी मोडलं नाही. एकेक भाग निकामी होत गेला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला. दाणा वाढला, धांडा आखूड झाला, कडबा घटला. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. कापूस कुठे आणि केव्हा विकायचा हे घरात ठरण्यापेक्षा खरेदी केंद्रावर ठरू लागलं. पुढे सोयाबीन आलं आणि ज्वारीची शेतं खाऊन पसरलं. कारंज्याच्या बाजारातही आता सोयाबीन आणि तुरीचीच पोती दिसतात. सोयाबीन चार महिन्यांत हातात पैसा देतं, यात शंका नाही. पण त्याच्या कुटाराने कडब्याची जागा भरून निघत नाही. कडबा गेला तशी जनावरं गेली, जनावरं गेली तसं शेणखत गेलं आणि सारवायला शेणही उरलं नाही. पेरणीला ट्रॅक्टर, मळणीला हार्वेस्टर. रेशनचा गहू-तांदूळ घरात आल्यावर पेव उघडायचं कारण उरलं नाही. अंगणात फरशी बसली आणि पेवाचं तोंड तिच्याखाली गेलं. धाब्यावर दर वर्षी माती टाकायला माणूस मिळेना, म्हणून टिनं आली किंवा स्लॅब पडला. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या घराच्या अडचणीतून झाला आहे, त्यासाठी कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने वडिलोपार्जित कोठा जपावा असं सांगणं मला जमणार नाही.

तिकडे स्कॉटलंडमध्येही घोडे गेले आणि स्टेडिंगं रिकामी पडली. पुष्कळांची घरं झाली. गाड्यांच्या कमानींना काचा लागल्या. पण तिथे ऐतिहासिक इमारतींची सरकारी यादी असते, तिच्यात ए, बी, सी असे वर्ग असतात आणि त्यात किल्ले-चर्चबरोबर शेतावरच्या इमारतीही नोंदल्या जातात. ग्लासगोजवळच्या किटॉकसाइड इथलं एक अख्खं शेत, घर आणि गोठ्यांसह, ग्रामीण जीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलं आहे. पाडण्याआधी किंवा बदलण्याआधी मापं घ्यायची, छायाचित्रं काढायची, ही सवय तिथे रुजली आहे. आपल्या राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा किल्ल्या-लेण्यांसाठी आहे. कोठा त्यात बसणार नाही, आणि तो बसवावा असाही माझा आग्रह नाही. रिकामा कोठा कायद्याने गोठवला तर तो मालकाच्या गळ्यात नुसती धोंड होईल.

मापं मात्र घेता येतात, आणि त्यासाठी कायदा लागत नाही. अमरावती-अकोल्याकडची वास्तुकला शिकणारी मुलं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या जुन्या इमारतीचा अभ्यास करायला बाहेर पडतात. त्यांची एक तुकडी कारंज्याच्या वेशींच्या आत आणि एक तुकडी आसपासच्या खेड्यांत उतरवली पाहिजे, ज्यांनी ज्वारी पेवात भरली आहे ती माणसं हयात आहेत तोवर. घराघरातल्या म्हाताऱ्या बायांना धाब्यावरच्या मातीचा थर आणि लिपणाचं प्रमाण बोटांवर पाठ आहे, त्यांना आधी विचारावं. फाटकाची रुंदी, गव्हाणीची उंची, कोठ्याच्या जमिनीचा उतार, पन्हाळीची दिशा, फरशीखाली गेलेल्या पेवाचं ठिकाण, चूल आणि कापसाच्या खोलीमधलं अंतर, हे सगळं कागदावर यावं. आणि सालगडी रात्री कुठे निजत होता, ती जागा त्याच्या नावासह नकाशावर लिहावी. नाव त्या घरात अजून कुणाला तरी आठवत असतं.